वर्ग एका सुरात "हो मॅडम" म्हणतो आणि चाचणीत सगळं कोरं. पोरांना बोलतं कसं करायचं?

वही_कोरी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, चूकभूल सांभाळून घ्या.

मी आठवीला विज्ञान शिकवते, नोकरीचं तिसरं वर्ष. वर्गात ५० पोरं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल काय गुणी वर्ग आहे, आवाज नाही गोंधळ नाही, मी बोलतेय आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मी मधे मधे विचारते "समजलं का?", की पन्नास तोंडांतून एकच आवाज, "होऽऽऽ मॅडम". "कुणाला काही शंका?" "नाऽऽऽही मॅडम". झालं, पुढचा मुद्दा.

तर मागच्या आठवड्यात उकळणं आणि बाष्पीभवन संपवलं. दोन तास घेतले त्यावर, फळ्यावर आकृती काढली, मलाच वाटत होतं की आज छान झालं. मग चाचणीत एक साधा प्रश्न टाकला, पुस्तकात जसाच्या तसा नसलेला: पाणी खळाखळा उकळत असताना तळापासून जे मोठे बुडबुडे वर येतात, त्यांच्या आत काय असतं?

३४ जणांनी लिहिलं "हवा". ७ जणांनी "ऑक्सिजन". दोघांनी "हायड्रोजन आणि ऑक्सिजन", त्यांनी निदान डोकं तरी चालवलं म्हणायचं. २ कोरे. आणि "वाफ" लिहिणारे किती, तर ५. पन्नासात पाच! आणि याच पोरांनी मला दोन दिवस आधी होऽऽऽ मॅडम केलं होतं, त्यातल्या प्रत्येकाने.

पेपर तपासताना रडू यायचं बाकी होतं. स्टाफरूममध्ये विचारलं तर एक म्हणाले तुम्ही फार मऊ आहात म्हणून पोरं मनावर घेत नाहीत, दुसऱ्या म्हणाल्या जरा हसून बोलत जा पोरं घाबरतात तुला. आता मी मऊ आहे का कडक आहे हेच मला कळेनासं झालंय.

पोरं वर्गाबाहेर भेटली की तोंडाचा पट्टा चालू असतो, म्हणजे मुकी नाहीयेत. वर्गात आली की काय होतं? कुणाला असा अनुभव आहे का आणि त्यातून बाहेर कसे आलात?

---

गप्पिष्ट_मास्तर

ताई, आधी त्या ५ जणांचं अभिनंदन करा आणि पेपर बाजूला ठेवा, रडण्यासारखं काही नाही. २२ वर्षं हेच करतोय, पहिली सात-आठ वर्षं तुमच्यासारखाच "समजलं का" वर गाडी ढकलली.

"समजलं का?" हा प्रश्नच नाहीये हो. ते पूर्णविरामासारखं आहे. तुम्ही वाक्य संपवलं की ते येतं आणि पोरांना पहिलीपासून माहीत असतं की त्यावर "हो" म्हणायचं असतं, म्हणजे तास पुढे सरकतो. जरा पोराच्या जागी बसून बघा. त्याला "नाही" म्हणायचं असेल तर आधी आपल्याला कळलेलं नाही हे त्याला कळायला पाहिजे, आणि हेच सगळ्यात अवघड, कारण तुम्ही सांगताना सगळं सरळसोपं वाटत असतं. मग ४९ जणांसमोर ते कबूल करायचं धाडस पाहिजे. आणि नेमकं काय कळलं नाही ते शब्दात सांगता आलं पाहिजे. एवढं सगळं करण्यापेक्षा होऽऽऽ म्हणणं किती सोपं!

त्यामुळे मी तो प्रश्न हद्दपार केला. त्याच्या जागी असा प्रश्न टाकायचा ज्याचं उत्तर चुकू शकतं. तुमचा बुडबुड्यांचा प्रश्न एक नंबर आहे, फक्त तो चाचणीत न टाकता तासाच्या मधोमध टाकायला हवा होता. म्हणजे ३४ "हवा" तुम्हाला तिथेच सापडल्या असत्या.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारल्यावर थांबा. सगळ्यांना वाटतं आपण थांबतो. नाही थांबत. मेरी बड रो नावाच्या एका अमेरिकन बाईंनी विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकून मोजलं होतं, १९७४ मध्ये छापून आलं ते. प्रश्न विचारला की शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात नाहीतर दुसऱ्याला उठवतात. एक सेकंद! तेवढ्यात आपल्याला चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला शिकले तर पोरांची उत्तरं लांब झाली, न विचारता हात वर येऊ लागले, "माहीत नाही" कमी झालं, पोरं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागली. आणि अजून एक बारकावा, थांबायच्या जागा दोन आहेत. एक प्रश्न विचारल्यावर आणि दुसरी पोराने उत्तर दिल्यावर. दुसरी जास्त महत्त्वाची. पोरगं बोलून थांबलं की लगेच "बरोबर" म्हणून त्याचं दार बंद करायचं नाही, तो पुढे अजून काहीतरी बोलणार असतो.

यातलं जे मला लागलं ते असं की शिक्षक ज्यांना हुशार समजतात त्यांच्यासाठी जास्त थांबतात आणि कच्च्या पोरांसाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ जास्त हवा त्यालाच कमी मिळतो. हे वाचलं तेव्हा मी स्वतःचा एक तास मोबाइलवर रेकॉर्ड केला. ऐकवेना. एका पोराला मी "हं बोल बोल, येत नाही? बस" एवढं एका श्वासात म्हटलेलं होतं.

---

वही_कोरी

@गप्पिष्ट_मास्तर सर, खूप धन्यवाद. उद्याच करून बघते. पण एक भीती आहे, तीन सेकंद गप्प राहिले तर वर्गात चुळबुळ सुरू होईल ना? शांतता झाली की मला वाटतं माझ्या हातून तास निसटतोय.

---

गप्पिष्ट_मास्तर

होईल चुळबुळ. आणि तुमच्याच पोटात जास्त होईल. मनात मोजायचं सावकाश. मी सुरुवातीला खडू या हातातून त्या हातात तीनदा घ्यायचो, म्हणजे तोंड गप्प बसायला काहीतरी निमित्त. पोरांना आधी सांगून टाका, की आता मी थोडा वेळ कुणालाच विचारणार नाहीये, विचार करा, हात वर करू नका. हात वर करू नका हे फार महत्त्वाचं. पहिला हात वर गेला की बाकीच्या ४० जणांचं डोकं बंद, "चला, त्याला येतंय, आपण सुटलो".

---

मागचा_बाक

मास्तरांनी मास्तरांची बाजू सांगितली, आता आमची ऐका. मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, पण शाळेची दहा वर्षं मागच्या बाकावर काढलीत आणि होऽऽऽ मॅडम मध्ये माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा.

लक्ष आहे असं दाखवायची आमची पद्धत होती, आजही मीटिंगमध्ये कामाला येते. पेन हलतं ठेवायचं. दोन-तीन मिनिटांनी एकदा मान डोलवायची, जास्त नाही, जास्त डोलवली की सर उठवतात. डोळ्यात बघायचं नाही, कपाळाकडे बघायचं. सर फळ्यावरून वळले की वहीत खाली बघायचं, म्हणजे वाटतं आपण लिहितोय. ज्याला येत नाही तो खिडकीबाहेर बघतो हे खोटं आहे, ज्याला खरंच काही येत नाही तो तुमच्याकडे एकटक बघत असतो ताई.

आता गप्प का झालो ते. सातवीत मी विचारलं होतं की उणे गुणिले उणे अधिक का होतं. मनापासून विचारलं होतं, मला खरंच झोप येत नव्हती त्यापायी, कारण माझ्या डोक्यात कर्ज गुणिले कर्ज म्हणजे मोठं कर्ज व्हायला पाहिजे असं होतं. सर म्हणाले, "हे मागच्या आठवड्यात झालंय, तेव्हा झोपला होतास काय?" वर्ग हसला. सर काही दुष्ट नव्हते, त्यांना घाई होती, दोन मिनिटांत विसरले असतील. मी अजून विसरलो नाहीये, हे मी चाळिशीत टाइप करतोय. त्यानंतर दहावीपर्यंत एकही प्रश्न विचारला नाही. एकही म्हणजे एकही.

आणि मी एकटाच नाही गप्प झालो, तो मुद्दा आहे. त्या दिवशी पन्नास जणांनी बघितलं की विचारणाऱ्याचं काय होतं.

मग अकरावीत एक मॅडम भेटल्या. कुणी काही विचारलं की त्या खुर्चीतून उठायच्या, प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहायच्या, आणि म्हणायच्या "हे मला पण पहिल्यांदा कळलं नव्हतं". खरं होतं का बनाव होता देव जाणे. पण प्रश्न फळ्यावर लिहिला जातो म्हणजे तो काहीतरी आहे, असं वाटायचं. त्यांच्या तासाला मी चौथ्या महिन्यात हात वर केला. चौथ्या महिन्यात! त्यामुळे ताई, उद्या करून बघाल आणि परवा वर्ग बोलायला लागेल असं समजू नका. आठवीपर्यंत आलेल्या पोरांनी सात वर्षं गप्प बसायची प्रॅक्टिस केलेली असते.

---

सरळसोट

थोडं कडू बोलतो, हलकेच घ्या.

हे सगळं वाचायला छान आहे. मी पण शिकवतो, गणित, वर्गात ५८. तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं पोरं बसेपर्यंत आणि हजेरीत जातात. तीस मिनिटांत एक पद्धत समजावायची, दोन उदाहरणं करून दाखवायची, एक करून घ्यायचं. यात प्रत्येक प्रश्नाला थांबा, पोराला बोलू द्या, मग त्याचं बोलणं झाल्यावर पुन्हा थांबा... पोर्शन कोण संपवणार? तो संपला नाही तर विचारणा मला होते, तुमच्या त्या संशोधनवाल्या बाईंना नाही.

आणि दुसरं, हल्ली सगळीकडे "शिक्षकाने कमी बोलावं" असा सूर असतो. शिक्षकाला विषय येतो आणि पोरांना येत नाही म्हणूनच तो समोर उभा आहे ना? नीट, स्पष्ट, क्रमाने समजावून सांगणं हे पण कम्युनिकेशनच आहे आणि ते करणारे शिक्षक आता दुर्मिळ झालेत. पोरांना बोलतं करायच्या नादात तासभर पोरांच्या चुकीच्या कल्पना ऐकत बसलो तर बाकीच्यांच्या डोक्यात त्या चुकीच्याच पक्क्या होतात, हा माझा अनुभव आहे.

---

आकडेमोड

@सरळसोट, स्पष्ट समजावणं महत्त्वाचं हे शंभर टक्के मान्य, धाग्यात कुणी त्याला नाही म्हणेल असं वाटत नाही. पण वेळेचा हिशोब तुम्ही काढलाच आहे तर पुढे नेतो, नावाला जागतो.

आमच्या ट्रेनिंगमध्ये वर्गात कोण किती बोलतं ते मोजायची फ्लँडर्स नावाच्या अभ्यासकाची पद्धत होती, ज्यांनी ट्रेनिंग केलंय त्यांना आठवत असेल (आणि अंगावर काटा येत असेल). वर्गात मागे बसायचं आणि दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहायचा, १ ते १०. पहिले सात शिक्षकाचे: भावना समजून घेणं, कौतुक, पोराची कल्पना पुढे नेणं, प्रश्न, व्याख्यान, सूचना, रागावणं. आठवा आणि नववा विद्यार्थ्यांचा, आठ म्हणजे विचारल्यावर बोलला आणि नऊ म्हणजे आपणहून बोलला. दहा म्हणजे शांतता किंवा गोंधळ. मी एका तासाला बसलो होतो आणि माझा कागद म्हणजे ५५५५५५५४८२५५५५५५, असा लांबच लांब पाचांचा पाढा. नऊ पूर्ण तासात दोनदा, त्यातला एक "सर, पाणी प्यायला जाऊ?"

त्याच फ्लँडर्सचा दोन-तृतीयांशचा नियम आहे. वर्गातला दोन-तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं, त्या बोलण्यातला दोन-तृतीयांश वेळ शिक्षक बोलतो. ४५ मिनिटांचा तास धरा. बोलणं ३० मिनिटं. त्यात शिक्षक २०, पोरं १०. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, भागिले ५० पोरं, प्रत्येकी १२ सेकंद. तेही सारखं वाटलं तर, आणि सारखं कधीच वाटलं जात नाही, चार-पाच जण सगळं खाऊन टाकतात.

म्हणजे एकेकाला उठवून बोलतं करणं हे मोठ्या वर्गात गणितातच बसत नाही. इथे सरळसोट बरोबर आहेत. पण त्याचा अर्थ गप्प बसवा असा नाही निघत, अर्थ असा की सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर द्यायला पाहिजे. सुरात नाही, वेगवेगळं. मी काय करतो सांगतो. फळ्यावर प्रश्न आणि खाली चार पर्याय, त्यातले तीन असे की पोरं खरंच चुकून निवडतील. एक मिनिट विचार. मग मी म्हणतो "दाखवा" आणि प्रत्येकाने छातीशी बोटं धरायची, एक दोन तीन किंवा चार. छातीशी का, तर वर हात केला की शेजारचा बघून बदलतो. मला समोरून सगळं दिसतं, त्यांना एकमेकांचं दिसत नाही. दोन मिनिटांत ५० उत्तरं. पोर्शनला धक्का नाही.

बोटं वाटली गेली, म्हणजे निम्मे दोन आणि निम्मे तीन, की उत्तर सांगत नाही. म्हणतो शेजाऱ्याला पटवा. दोन मिनिटं नुसता कलकलाट. मग पुन्हा बोटं. बहुतेक वेळा गाडी बरोबर उत्तराकडे सरकलेली असते. हे माझं काही नाही, हार्वर्डला एरिक माझूर म्हणून फिजिक्सचे प्रोफेसर आहेत, त्यांनी १९९०च्या सुमारास सुरू केलं. त्यांची गोष्ट फार गोड आहे. पोरं मोठमोठी गणितं सोडवत होती पण साधा "का" विचारला की गार. त्यांनी एक प्रश्न दोनदा तीनदा समजावला, चेहरे तसेच कोरे, शेवटी वैतागून म्हणाले आपापसात बोला. आणि काही मिनिटांत पोरांनी एकमेकांना समजावून टाकलं. कारण सोपं आहे, ज्याला आत्ताच कळलंय त्याला अजून आठवत असतं की अडलं कुठे होतं. आपल्याला कळून वीस वर्षं झाली, आपण विसरलो.

चुकीच्या कल्पना ऐकून पक्क्या होतात म्हणता, तर त्या डोक्यात आधीच असतात हो. ३४ "हवा" कुणी वर्गात ऐकून आलेल्या नाहीत.

---

सरळसोट

बोटांचं पटलं. करून बघतो. पाढ्याला हसलो, आमच्या वर्गात बसलात तर पाचच पाच लिहाल.

---

अबोली_फुलं

मी इथे सगळ्यात लहान असेन बहुतेक, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी शाळेत ती गप्प मुलगी होते. मला सगळं येत होतं, मार्क पण चांगले होते, फक्त बोलायला नको वाटायचं. तर प्लीज असं समजू नका की गप्प म्हणजे कळलं नाही किंवा बोलणारा म्हणजे कळलं.

अचानक नाव घेऊन उठवलं की माझं डोकं रिकामं व्हायचं, छातीत धडधड, आणि जे येत होतं ते पण जायचं. पण जर आधी शेजारणीशी बोलायला दोन मिनिटं दिली आणि मग उठवलं तर मी बोलू शकायचे, कारण तेच वाक्य मी आत्ताच एकदा म्हणून बघितलेलं असायचं, आणि "आम्हाला असं वाटलं" म्हणता यायचं. "मला वाटलं" पेक्षा "आम्हाला वाटलं" म्हणणं खूप सोपं आहे. हे मोठ्या माणसांना छोटं वाटेल.

आणि दोन गोष्टी ज्या शिक्षक करतात आणि त्यांना माहीतच नसतं. एक, कुणी हळू आवाजात बोललं की शिक्षक ऐकायला जवळ येतात. चांगल्या मनाने येतात. पण जितके जवळ येतात तितका आवाज अजून हळू होतो, कारण आता आपण फक्त त्यांच्याशी बोलतोय, आणि मागच्यांना काहीच ऐकू जात नाही. आमचे एक सर उलटं करायचे, बोलणाऱ्यापासून लांब, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे. आपोआप आवाज मोठा निघायचा आणि सगळा वर्ग मधे यायचा.

दुसरी, मुलगी बोलली की शिक्षक तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणतात. मग आम्ही शिकलो की मैत्रीण बोलताना ऐकायची गरज नाही, मॅडम नंतर सांगणारच आहेत, आणि त्या सांगतील तेच खरं. त्यापेक्षा "तिने काय म्हटलं ते तुझ्या शब्दात सांग" असं दुसऱ्या कुणाला विचारलं तर सगळे कान टवकारतात.

खूप लिहिलं. वर्गात कधी एवढं बोलले नसेन.

---

मागचा_बाक

@अबोली_फुलं +१००. लांब जाऊन उभं राहणं भारी आहे. मी टीम मीटिंगमध्ये वापरणार.

---

नवा_खडू

मी पण नवीनच आहे म्हणून विचारतो, उत्तर चुकलं तर काय म्हणायचं? "चूक" म्हटलं तर पोरगं कोमेजतं, "छान प्रयत्न" म्हटलं तर त्याला वाटतं बरोबर आहे. माझं होतं काय की मी "हंऽऽऽ... अजून कोण?" करतो.

---

गप्पिष्ट_मास्तर

तुमचं "हंऽऽऽ अजून कोण" पोरं पहिल्या आठवड्यात ओळखतात, त्याचा अर्थ चूक. मग ते उत्तर देत नाहीत, तुमचा चेहरा वाचत बसतात.

मी चुकीला आणि बरोबरला, दोन्हीला एकच विचारतो: "असं का वाटलं तुला?" अट अशी की खरंच दोन्हीला विचारायचं. फक्त चुकल्यावर विचारलं तर तोही चुकीचा शिक्का होतो. सुरुवातीला बरोबर उत्तर देणारी पोरं पण "का" म्हटलं की घाबरून उत्तर बदलतात, बघा गंमत. म्हणजे त्यांना उत्तर येत होतं पण त्यावर उभं राहता येत नव्हतं.

बाहेरच्या जगात कुणाला रस्ता विचारलात, त्याने सांगितला, आणि तुम्ही म्हणालात "अगदी बरोबर, शाब्बास, बस खाली", तर तो तुम्हाला वेडा समजेल. वर्गात आपण दिवसभर हेच करतो. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे तेच विचारतो, पोरगं दोन शब्द बोलतं, आपण निकाल देतो. सिंक्लेअर आणि कुल्थार्ड या दोन भाषा-अभ्यासकांनी १९७५ मध्येच हे तीन पायऱ्यांचं चक्र मांडून ठेवलंय, शिक्षक, विद्यार्थी, पुन्हा शिक्षक. चक्र वाईट नाही, त्याशिवाय तास चालत नाही. फक्त तिसऱ्या पायरीला निकालाऐवजी कधीकधी खरा प्रश्न आला पाहिजे, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही. "असं का वाटलं" याचं उत्तर तुम्हाला माहीत नसतंच.

आणि शेवटी चूक ती चूकच सांगायची हो, लपवायची नाही. फक्त उत्तराला चूक म्हणा, पोराला नाही.

---

वही_कोरी

तीन आठवडे झाले, अपडेट द्यायला आले. धागा वर काढल्याबद्दल सॉरी.

"समजलं का" सोडायला जीव गेला. पहिल्या दिवशी मी मोजलं, एका तासात अकरा वेळा तोंडातून निघालं, ठरवून सुद्धा. मग पहिल्या बाकावरच्या मुलीला काम दिलं, मी "समजलं का" म्हटलं की तिने पेन टेबलावर टक करून वाजवायचं. पोरांना ती मजाच झाली, बाकीचे वाटच बघत बसायचे की मॅडम कधी चुकतात. गेल्या आठवड्यात दोन वर आलंय.

बुडबुडे पुन्हा घेतले. बोटं छातीशी, पर्याय: हवा, ऑक्सिजन, वाफ, काहीच नाही. परत "हवा" च जिंकली, फरक नाही. मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की सुरुवातीला तळाशी बारीक बारीक बुडबुडे दिसतात ती खरंच पाण्यात विरघळलेली हवा असते, त्यामुळे तुमचं अगदीच काही चुकत नाहीये. पण भांडं अर्धा तास उकळत ठेवलं तर बुडबुडे थांबतात का?

"नाही."

"मग एवढी हवा येतेय कुठून?"

आणि गप्प. खडू या हातातून त्या हातात. सर, तुम्हाला सांगते, तीन सेकंद इतके लांब असतात मला माहीत नव्हतं. मी बहुतेक आठ-दहा पर्यंत गेले. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, वर्षभरात माझ्याशी हजेरीपलीकडे बोललेला नाही, तो बसल्या बसल्याच म्हणाला, "पण मॅडम पाणी कमी होतं ना." माझ्या तोंडावर "बरोबर!" आलं होतं, गिळलं. मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. तो जरा मोठ्याने म्हणाला, "म्हणजे पाणी कुठंतरी जातंय." तर खिडकीजवळची मुलगी त्याच्याकडे वळून, माझ्याकडे नाही, त्याच्याकडे वळून म्हणाली, "अरे मग बुडबुड्यातनंच जातंय!"

पुन्हा बोटं घेतली. ४१ जणांची तीन बोटं. तो दोन दिवस शिकवलेला धडा अकरा मिनिटांत झाला, मी घड्याळ बघितलं.

सगळंच छान चाललंय असं नाही. शेजाऱ्याशी बोला म्हटलं की अर्धे भलतंच बोलतात, आणि बाजूच्या वर्गातून दोनदा तक्रार आली. शुक्रवारी तर अख्खा तास वाया गेला, प्रश्नच मी असा काढला होता की सगळ्यांना येत होतं, मग पोरं बोलणार काय. आणि शेवटची पाच मिनिटं मी चिठ्ठ्या घ्यायला लागलेय, नाव न घालता, आज काय कळलं नाही ते लिहा. पहिल्या दिवशी ५० पैकी १९ चिठ्ठ्यांवर एकच: "मॅडम तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता तेव्हा काहीच ऐकू येत नाही." तीन वर्षं! तीन वर्षं मी फळ्याला शिकवत होते आणि ही पोरं होऽऽऽ मॅडम करत होती.

कालच्या चिठ्ठीत एक आलंय: "वाफ डोळ्यांना दिसत नाही असं तुम्ही म्हणालात. मग उकळत्या भांड्यावर पांढरं पांढरं दिसतं ते काय?" कुणाची चिठ्ठी माहीत नाही, अक्षर ओळखू येतंय पण ओळखायचं नाही असं ठरवलंय. सोमवारी तोच प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून तास सुरू करणार आहे.

---

मागचा_बाक

ती चिठ्ठी जपून ठेवा ताई.

---

सरळसोट

बोटांचा प्रयोग मी पण केला, अपूर्णांकांवर. निकाल इथे सांगत नाही, लाज वाटते. एवढंच सांगतो की मला वाटत होतं तो धडा झालाय.

बाकी ते भांड्यावरचं पांढरं म्हणजे वाफच ना? का नाही? मग काय असतं ते?

---

गप्पिष्ट_मास्तर

@सरळसोट तुम्हाला काय वाटतं?

(खडू या हातातून त्या हातात घेतोय.)